सरांचे आराखडे आणि माझा शेरा

हे लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. टाळायला कारण दर वेळी मिळत गेलं. नोकरी होती तोवर नोकरीचं, मग पेन्शनच्या कागदांचं, मग सर हयात आहेत म्हणून, आणि सर गेल्यावर आता कशाला म्हणून. गेल्या महिन्यात सरांच्या मुलीचा फोन आला. सरांचे सगळे आराखडे त्यांच्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयाला द्यायचे ठरले आहेत. सोबत एक छोटी पुस्तिका निघणार आहे, आणि तिच्यातल्या ‘शासनाने स्वीकारलेले आराखडे’ या भागाची माहिती मी लिहून द्यावी, असं तिचं म्हणणं.

“काका, तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?” ती म्हणाली.

हे तिचं अगदी बरोबर होतं. म्हणूनच आता लिहितो आहे.

सर सिव्हिल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. मुंबईच्या एका कॉलेजात त्यांनी सर्व्हेइंग आणि पाण्याचं गणित शिकवण्यात उमेदीची सगळी वर्षं घातली. घर मात्र घोलवडला, चिकूच्या वाडीत. आठवडाभर मुंबईत खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. मी तलासरीच्या एका कार्यालयात शाखा अभियंता होतो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. जे झालं ते माझ्या हातून झालं. मूळचा मी घाटावरचा. बदलीवर इकडे आलो, डहाणू रोडच्या शेजारी सरावलीला भाड्याने राहिलो, पुढे तिथंच घर बांधलं. बदली झाली की परत जाऊ, असं बायको दर दिवाळीला म्हणायची. हळूहळू तिनेही म्हणायचं सोडलं.

दर हिवाळ्यात सर आपल्या विद्यार्थ्यांना सर्व्हे कॅम्पसाठी तलासरीकडे घेऊन यायचे. एका शाळेच्या आवारात मुक्काम, सकाळी दुर्बीण खांद्यावर टाकून टेकड्यांकडे. दर वर्षी त्याच टेकड्या, तेच ओहोळ. मुलं मोजायची, नकाशे काढायची, मार्क मिळवायची, आणि कागद रद्दीत जायचे. सरांना हे खटकायला लागलं. “इतकी पोरं इतकं मोजतात, ने ओहोळ तिथेच,” ते आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणायचे. “ओलांडायला कोण देणार?” मग मुलांच्या मोजमापांवरून ते स्वतःच खरेखुरे आराखडे काढू लागले. कुठे बंधारा, कुठे फरशीचा पूल, आणि सगळ्यात जास्त साकव, म्हणजे ओहोळावरचे पायी जाण्यापुरते अरुंद पूल. सरांची मातृभाषा गुजराती, शिक्षण इंग्रजीत, त्यामुळे मराठी शब्दांचं लिंग ते आपल्या मर्जीनं ठरवायचे. साकव त्यांच्या तोंडी कायम स्त्रीलिंगी. “आपली साकव” असं ते इतक्या मायेनं म्हणायचे की पुढे पुढे मीच कचेरीत ‘तो साकव’ म्हणताना अडखळायला लागलो.

त्यांचा सगळ्यात पहिला आराखडा झरीकडच्या एका पाड्याचा होता. पाडा ओहोळाच्या अलीकडे, पाचवीपासूनची शाळा आणि बाजाराचा रस्ता पलीकडे. उन्हाळ्यात चपला हातात घेतल्या की काम भागायचं. पावसाळ्यात ओहोळ भरला की पाड्यावरची माणसं तो उतरेपर्यंत अलीकडेच. सरांनी तिथे एक साधा दगडी खांबांचा साकव काढला, ट्रेसिंग पेपरवर शाईने, आणि गुंडाळी करून एका पाइपात घालून आमच्या कार्यालयाकडे पाठवली.

ती गुंडाळी माझ्या टेबलावर आली ती ऐन मे महिन्यात. साहेबांनी माझा अभिप्राय मागितला होता. अभिप्राय द्यायचा तर जागेवर जायला हवं. जीप जिथवर जायची त्यापुढे टेकडी चढून उतरायची होती. शिवाय कुणी प्राध्यापक मुंबईहून येऊन माझ्या तालुक्यात काय हवं ते मला सांगणार, याचाही थोडा राग होता. मी पाइपाचं झाकण काढलं नाही. मी शेरा लिहिला: ‘समक्ष पाहणी केली. सद्यस्थितीत साकवाची आवश्यकता दिसून येत नाही. दप्तरी दाखल करावे.’

ज्यांनी कचेरीत दिवस काढले आहेत त्यांना शेवटचे तीन शब्द समजावून सांगायला नकोत. दप्तरी दाखल म्हणजे प्रकरण मिटलं. फीत बांधायची आणि मागच्या खोलीतल्या रॅकवर ठेवून द्यायचं. त्या रॅकवरून परत खाली आलेला कागद मी नोकरीत फारसा पाहिला नाही.

पावसाळा संपता संपता सर स्वतः चौकशीला आले. उंच, जरा वाकलेले, शर्टच्या खिशात पेन्सिली. आमच्या भाऊसाहेबांनी, म्हणजे आवक-जावक बघणाऱ्या लिपिकांनी, नोंदवहीवरून बोट फिरवलं आणि मान वर न करता सांगून टाकलं, “झालाय सर, दाखल झालाय. समक्ष पाहणी करून शेरा दिलाय शाखासाहेबांनी.”

‘दप्तरी’ हा शब्द तोंडी कुणीच वापरत नसे. आम्हाला त्याची गरजच नव्हती.

सरांचा चेहरा मला अजून दिसतो. ज्या माणसाचा सगळा जन्म कॉलेजात गेला, त्याच्या लेखी दाखल होणं म्हणजे प्रवेश मिळणं. दाखल झालेला मुलगा उशिरा का होईना, पास होऊन बाहेर पडतो. ते तडक माझ्या टेबलाशी आले.

“साहेब, शेरा तुम्ही लिहिला ने?”

“हो,” मी म्हटलं. मला वाटलं, आता भांडण.

“पहिल्या झटक्यात दाखल! माझे कॉलेजवाले म्हणत होते, सरकारात कोण वाचत पण नाही.” त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. “तुम्ही वाचला. जागेवर पण गेला!”

भाऊसाहेबांनी तेव्हा मान वर केली. माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा वहीत घातली. पुढच्या आठवड्यात कचेरीत चिकूची करंडी आली. सगळ्यांनी खाल्ले. भाऊसाहेब मला म्हणाले, “शाखासाहेब, असाच शेरा मारत चला. हंगाम बरा जाईल.”

मी पहिलाच चिकू खाल्ला नसता तर कदाचित बोलून गेलो असतो. पुढे दर वेळी ते जरा जास्त अवघड होत गेलं, आणि दर वेळी सरांची माझ्याशी ओळख जरा जास्त झालेली असायची.

कारण सरांनी मला धरलंच. जागेवर जाऊन शेरा लिहिणारा एकमेव सरकारी माणूस त्यांना सापडला होता! रविवारी निरोप यायचा: “मोजायला येतो काय?” पहिल्यांदा मी शरमेपोटी गेलो. नंतर मला त्याचीच चटक लागली. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले रविवार मी सरांबरोबर ओहोळांच्या काठाने घालवले, हे मला लिहून ठेवायचं आहे, कारण बाकीचं लिहिताना ते झाकलं जाईल. सर दुर्बिणीला डोळा लावायचे, मी पट्टी धरून पलीकडच्या दगडावर उभा. “हलतोस काय? नाच करतोस?” असं अलीकडून ओरडायचे. दुपारी पळसाखाली बसून डबे उघडायचे. त्यांच्या डब्यात ठेपले आणि कैरीचा गोड छुंदा, माझ्या डब्यात भाकरी आणि ठेचा, आणि खाताना दोघांचे डबे आपोआप अदलाबदल व्हायचे. ठेचा खाऊन त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते दर वेळी म्हणायचे, “घाटावर लोक जगतात कसे?”

त्यांची दुर्बीण जुन्या पद्धतीची होती. तिच्यातून सगळं उलटं दिसायचं. सवयीच्या माणसाला काही वाटत नाही, पण पहिल्यांदा बघणारा दचकतो. झरीच्या पाड्यावर सरांबरोबर मी पहिल्यांदा मोजायला गेलो तेव्हा बायका गोळा झाल्या. त्यांत एक आजी होती, बोलायला फटकळ. पाड्याच्या वतीने तीच बोलायची. तिने डोळा लावला. पलीकडच्या काठावर तिची नात उभी होती.

“अग, पोरगी डोक्यावर उभी!” ती किंचाळली. मग बाकीच्यांना ढकलत पुन्हा डोळा लावला. “मास्तर, तुम्ही सगळं असंच उलटं बघता काय?”

“हां,” सर म्हणाले, “म्हणून तर नोकरी मिळाली.”

सगळ्या हसल्या. मग आजीने मला गाठलं. “सायेब, मास्तर सांगतात साकव दाखल झाला. दाखल म्हंजे आत घेतला ना?”

“हो.”

“मग भायेर कधी येल? दवाखान्यात दाखल केलेलं माणूस पण आठ-पंधरा दिसांत घरी येतं.”

सर खदखदून हसले. “बघ, आजीला पण घाई!” आणि तिला म्हणाले, “नंबर येल ने. दाखल झाला म्हणजे यायचाच.”

मीही हसलो. काय करणार होतो?

सरांचा तो समज पक्का होण्यामागे आणखी एक गोष्ट झाली. त्यांच्या नंतरच्या आराखड्यांवर मी मनापासून शिफारशी लिहिल्या. त्यांतले काही वरून परत आले, पण एक बंधारा आणि एक साकव मंजूर होऊन खरोखर उभे राहिले. बंधाऱ्यात पहिलं पाणी अडलं त्या दिवशी सर काठावर बूट काढून बसले आणि पाय पाण्यात सोडून संध्याकाळ होईपर्यंत उठले नाहीत. हे दोन्ही आराखडे झरीच्या नंतर दिलेले. तेव्हा झरीचाही येणार, फक्त उशीर, हा त्यांचा हिशोब सरळ होता. झरीचं प्रकरण पुन्हा उघडणं मला जमलं असतं. पण उघडायचं म्हणजे माझा तो शेरा साहेबांपुढे जाणार. ‘समक्ष पाहणी केली’ असं लिहिणाऱ्याला ‘मग आवश्यकता दिसली कशी नाही’ हा प्रश्न कुणीही विचारला असता.

आता ज्या दुपारमुळे हे सगळं लिहायला बसलो, तिच्याबद्दल.

सर निवृत्त झाले तेव्हा घोलवडच्या वाडीत त्यांचे जुने विद्यार्थी जमले होते. चिकूच्या झाडांखाली खुर्च्या मांडल्या होत्या, उंधियूची हंडी मातीतून नुकतीच वर काढली होती. आलेल्यांत एक मोठे अधिकारी होते, खात्यात फार वरच्या जागेवरचे. सरांच्या हाताखाली शिकलेले. त्यांच्यापुढे मी खुर्चीत नीट बसूही शकत नव्हतो, आणि ते मात्र सरांच्या पायाशी सतरंजीवर बसून उंधियू खात होते.

जेवता जेवता ते म्हणाले, “सर, आम्हाला तुम्ही कधी काही मागितलं नाहीत. तुमचं कुठलं काम अडलंय का? मला सांगा. सोमवारी फोन जाईल.”

सरांनी पोळीचा तुकडा हवेतच धरला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

“माझं काय अडणार? सगळी दाखल आहे. ती झरीची राहिली, पण ती पण दाखल आहे. नंबर येल.”

अधिकाऱ्यांनी जेवण थांबवलं. ते खात्यातलेच, त्यांना तो शब्द टोचला असणार. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “दाखल म्हणजे? प्रस्ताव पुढे गेलाय ना?”

अंगणात मुलं पकडापकडी खेळत होती. कुणीतरी मला मठ्ठा वाढत होतं. मला दोन वाक्यं बोलायची होती फक्त. साहेब, तो दप्तरी दाखल झालाय, शेरा माझाच आहे, चुकीचा आहे. एवढं बोललो असतो तर सोमवारी फोन गेला असता, आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत झरीच्या ओहोळावर दगड पडले असते. याबद्दल मला आजही शंका नाही. त्या माणसाचा शब्द तेवढा चालत होता.

“हो साहेब,” मी म्हणालो. “प्रक्रियेत आहे.”

“मग ठीक.” ते पुन्हा जेवायला लागले. सर अभिमानाने माझ्याकडे बघून त्यांना म्हणाले, “हा आहे म्हणून होते सगळं.”

पहिला शेरा लिहिला तेव्हा मी सरांना ओळखत नव्हतो, पाडा पाहिला नव्हता. त्याला आळस म्हणता येईल. झाडाखालच्या त्या दुपारी मी दोघांनाही चांगला ओळखत होतो. पाड्यावरच्या आजीच्या घरचा चहा प्यायलो होतो. त्या ‘हो साहेब’ला नाव द्यायला मला अजून शब्द सापडलेला नाही.

ओहोळात कुणी वाहून गेलं नाही, हे माझं दैव. नुकसान झालं ते असं, की त्यावर कुणाला बोट ठेवता येणार नाही. आजीची नात चौथी पास झाली आणि पाचवीला तिचं नाव पलीकडच्या शाळेत घातलं. पावसाळ्यात ती जाऊ शकली नाही. पाऊस संपला तेव्हा वर्ग पुढे गेला होता. दुसऱ्या वर्षीही तेच झालं. मग तिने जाणंच सोडलं. शाळेच्या पटावर तिचं नाव किती काळ राहिलं असेल ते माहीत नाही. पाड्यावर हे काही जगावेगळं नव्हतं, म्हणून कुणी त्याबद्दल रडलंही नाही.

मोठी झाल्यावर ती घोलवडला चिकू भरायच्या कामाला लागली, आणि तेही सरांच्याच वाडीत. मी गेलो की ती पेट्यांच्या राशीमागून हाक मारायची, “काय सायेब, आज मोजायचं नाही?” मऊ चिकू एकीकडे, कडक एकीकडे, तिच्या हातांना बघावं लागत नसे. पेटीवर ज्या गावाला माल जायचा त्याचं नाव रंगवलेलं असायचं. ते ती एकेक अक्षर जोडत वाचायची, शेवटी भलतंच गाव निघालं की स्वतःच हसायची आणि मला म्हणायची, “सांगा बरोबर.” मी सांगायचो. ती खुशीत असायची. तिचा नवरा ट्रकवर होता, दोन मुलं शाळेत जात होती. तिच्या खुशीने मला बरं वाटायचं आणि तिथून निघताना मी पेट्यांच्या बाजूने न जाता मागच्या वाटेने जायचो.

झरीच्या पाड्याला शेवटी वाट मिळाली. रस्त्याच्या एका मोठ्या कामात ओहोळावर रुंद पूल झाला, सरांच्या जागेपासून जरा खाली, दुसऱ्याच कुणाच्या नकाशावरून. तोवर मी निवृत्त झालो होतो. सर मला घेऊन बघायला गेले. आजी तेव्हा फार थकली होती, तरी काठी टेकत आली. सरांनी खिशातून टेप काढून पुलाची रुंदी मोजली, कठडा हलवून बघितला, खाली वाकून खांब बघितले.

“काम सारं आहे,” ते म्हणाले. त्यांचं ‘सारं’ गुजरातीतलं, म्हणजे चांगलं. “जरा जाडं आहे. पण सारं आहे.”

“तुमचा साकव कुठाय मास्तर?” आजीने विचारलं.

“हीच समज. मी साडी काढली, त्यांनी लुगडं दिलं.”

आजीला ते इतकं आवडलं की ती तोंडाला पदर लावून हसत राहिली. परतताना सर मला म्हणाले, “आपली दाखल होती म्हणून त्यांच्या ध्यानात आलं. नाही तर पाड्याकडे कोण बघते?” मी गाडीच्या काचेतून बाहेर बघत होतो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. ते फार आनंदात होते. विचित्र वाटेल, पण त्या दिवशी मीही होतो. माणसं पुलावरून जात होती, म्हशी जात होत्या, शाळेच्या गणवेशातल्या मुली एकमेकींना ढकलत जात होत्या.

मुलीचा फोन आल्यावर मी घोलवडला गेलो. वाडीतल्या माल भरायच्या शेडमध्ये छताच्या वाशांना सरांनी पाइपांचे तुकडे टांगून ठेवले होते, प्रत्येकात एक गुंडाळी. आम्ही दोघांनी त्या खाली उतरवल्या. काहींना कसर लागली होती. उलगडलेला कागद पुन्हा गुंडाळायला बघतो, म्हणून चारी कोपऱ्यांवर कडक चिकू ठेवले. बरेच दिवस आमचं हे चाललं. मी सांगायचो, ती लिहून घ्यायची. हा कुठला ओहोळ, इथे सर घसरून पडले होते, इथे आम्हाला मधमाश्या लागल्या होत्या. मला त्या कामात फार सुख वाटलं. सरांची रेषा बघत बसावी अशी होती. दगड काढायचा तर प्रत्येक दगड वेगळा काढायचे, पाण्याच्या पातळीची रेषा हात न उचलता, आणि कोपऱ्यात कुठे ना कुठे एक माणूस, डोक्यावर मोळी घेतलेला, पूल केवढा आहे ते कळावं म्हणून.

झरीची गुंडाळी उघडली. ही सरांनी स्वतःकडे ठेवलेली दुसरी प्रत. कोपऱ्यात त्यांनी मराठीत लिहिलं होतं: ‘दाखल’. शेजारी एक छोटं फूल काढलं होतं.

तिथे मी तिला सगळं सांगितलं. शेरा, दप्तरी दाखल, तिच्या अंगणातली ती जेवणाची दुपार.

ती हसायला लागली. “म्हणजे प्रकरण बंद झालं, आणि पपांनी चिकू वाटले?” मग हसू थांबलं. तिने एक चिकू उचलून दुसऱ्या कोपऱ्यावर ठेवला, पुन्हा जागेवर ठेवला. “पाड्यावरची ती मुलगी इथेच काम करत होती, काका. माझ्या मुलांना तिने अंगाखांद्यावर खेळवलं.”

“हो.”

“लिहा मग. जसं झालं तसं. मी ते ‘शासनाने स्वीकारलेले’ काढून टाकते. नुसतं ‘आराखडे’ ठेवते.” मग तिने विचारलं, “पपांना सांगितलं होतंत?”

तिला मी नुसती मान हलवून नाही म्हटलं. इथे पूर्ण उत्तर देतो.

सरांच्या शेवटच्या हिवाळ्यात मी एकदा फक्त तेवढ्याचसाठी घोलवडला गेलो होतो. बसमध्ये वाक्यं जुळवली होती. सर ओट्यावर टेबल मांडून बसले होते. हात थोडा कापत होता, तरी एका नव्या पाड्यासाठी साकव काढून झाला होता. मला बघून त्यांना आनंद झाला.

“बरा आला. पत्र लिहिलं आहे कार्यालयाला. तुझं मराठी पक्कं. शुद्धलेखन बघून दे.”

त्यांनी कागद माझ्या हातात दिला. अक्षर सुरेख, जरा थरथरलेलं. ‘माझा झरीचा आराखडा आपल्या कार्यालयाने दाखल करुन घेतला होता, त्याबद्दल मी आयुष्यभर रुणी आहे. तसाच हा आराखडाही कृपया दाखल करुन घ्यावा, ही विनंती.’

मी ते दोनदा वाचलं. मग खिशातून पेन काढलं. दोन्ही ठिकाणी ‘करुन’चा रु दीर्घ केला. ‘रुणी’ खोडून वर ‘ऋणी’ लिहिलं. कागद परत त्यांच्यापुढे ठेवला, पण हात काढून घेतला नाही.

“सर,” मी म्हणालो.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “काय? अजून चूक आहे?”

सर, मला माफ करा, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

“नाही,” मी म्हणालो. “बरोबर आहे.”